राष्ट्रीय उत्सव आणि आपला समाज

(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



येत्या प्रजासत्ताकदिनी आपल्या मंडळींनी नागपुरास जावयाचे ते कोणत्या रीतीने, याविषयी दोन शब्द बोलावेत, अशी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आम्ही काही वक्ते नव्हे; तथापि या बाबतीत आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगावयाची असल्याने ती आज्ञा आम्ही शिरोधार्य मानली.

वर्धेकराने झेंड्यासाठी नागपुरास जाणे ही गोष्ट नवी नव्हे. 13 एप्रिल 1923 रोजी, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, चरख्याचे चिन्ह असलेला राष्ट्रध्वज घेऊन नागपुरात मिरवणूक निघाली. सिव्हिल लाइन्सच्या गोऱ्या वस्तीतून तो ध्वज नेण्यास सरकारने मनाई केली, आणि 1 मेपासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. त्याची धुरा वाहिली ती आपल्या वर्ध्याच्या शेठ जमनालाल बजाज यांनी. स्वयंसेवकांची लहान लहान पथके ध्वज घेऊन निघत आणि पकडली जात. जमनालालजींस दीड वर्षाची कैद व 3,000 रुपये दंड झाला. दंडाच्या वसुलीसाठी त्यांची मोटार जप्त झाली. पण नागपुरात तिच्यावर बोली लावावयास कोणी पुढे येईना. विनोबाजींनीही या सत्याग्रहात कारावास पत्करला. गुजरात, बिहार, मद्रास अशा दूरदूरच्या प्रांतांतून माणसे आली. पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली, आणि 18 ऑगस्ट 1923 रोजी ध्वजाची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून निर्वेधपणे गेली. ज्या रस्त्याने झेंडा नेण्यासाठी हजाराहून अधिक माणसे तुरुंगात गेली, त्याच रस्त्याने आज आपली मुले कागदी झेंडा फडकवीत हसत जातात.

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी प्रजासत्ताकदिनी आपली मंडळी पहाटेच्या गाडीने निघाली. सिंदी, बुटीबोरी मागे पडली तेव्हा थंडीने हात काकडले होते, पण उत्साह दांडगा होता. डोक्यावर एकरंगी फेटे होते, आणि समाजाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेला, दोन काठ्यांचा एक भला थोरला फलक बरोबर होता. त्यातील एक काठी आमच्याच हातात होती. कस्तुरचंद पार्कवर गर्दी लोटली होती. आपले नाव सर्वांस दिसावे म्हणून आम्ही फलक उंच धरला. ध्वजारोहणाची वेळ झाली, आणि मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "भाऊ, थो फलक जरा खाली घ्या ना जी. झेंडाच दिसून नाही राहिला."

आम्ही मागे वळून पाहिले. बाईच्या कडेवर नातू होता, आणि त्याने मान उंचावून उंचावून अखेर आजीच्या खांद्यावर टेकली होती. फलक खाली घेईपर्यंत ध्वज वर फडकला होता, राष्ट्रगीत सुरू झाले होते. पुढच्याने खाली बसावे, मागच्यास दिसू द्यावे, असे जन्मभर शाळेत मुलांस सांगणारे आम्ही. आणि ऐन वेळी आम्हीच त्या पोराच्या आड उभे राहिलो! बाई रागावली नाही, हेच आम्हांस अधिक लागले.

कोणी म्हणतील, गुरुजी, मग समाजाचे नाव निघावे कसे? प्रश्न रास्त आहे. आपण लहान समाज. मोठ्या शहरात आपणांस कोण ओळखतो, ही खंत आमच्याही मनात आहे. परंतु वर्ध्याचे नाव देशात झाले ते फलकाने नव्हे. 1928 साली जमनालालजींनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले केले. स्वतःच्या ज्ञातीचा रोष पत्करून त्यांनी ते केले, म्हणून शंभर वर्षे होत आली तरी त्यांचे नाव लोकांच्या तोंडी आहे.

म्हणून आमची विनंती अशी. यंदा फलक व फेटे नकोत. त्यांवर जो खर्च होतो, त्यातून आपल्या खेड्यापाड्यांतील ज्या मुलांनी, लेकीसुनांनी व वृद्धांनी नागपूरचा सोहळा कधी पाहिला नाही, त्यांस गाडीभाडे द्यावे. शेजारच्या घरचे मूल येऊ म्हणाले, तर ते कोणत्या समाजाचे, हे न विचारता त्यासही बरोबर घ्यावे. राष्ट्रगीत अवघ्या 52 सेकंदांचे आहे. तेवढा वेळ तरी छायाचित्रांचा मोह आवरून ताठ उभे राहावे. आणि परतताना मैदानावर पडलेले कागदी झेंडे वेचून आणावेत. ते जमिनीवर टाकू नयेत, आदराने व खासगीत त्यांची व्यवस्था लावावी, असे ध्वजसंहिताच सांगते. कोणी विचारलेच की ही झेंडे वेचणारी मंडळी कोठली, तर वर्ध्याची, एवढे सांगावे.

मंडळास हे मान्य झाल्यास, एका मुलाचे जाण्यायेण्याचे भाडे आम्ही आजच खजिनदारांकडे जमा करीत आहोत. त्या दिवशी ज्याला झेंडा दिसला नाही, त्या पोराचे नावगाव आम्हांस ठाऊक नाही. हे भाडे त्याच्या नावे आहे, असे समजावे.

 जय हिंद!