पाण्याच्या रेल्वेच्या उलट्या वाटेनं

पोटासाठी गाव सोडणारा माणूस आपल्याला समजतो. ऊसतोडीला जाणारा समजतो, पुण्या-मुंबईला जाणाराही समजतो. पण पेन्शन चालू, घर स्वतःचं, मुलं मार्गी लागलेली आणि तरी साठी उलटल्यावर एक जोडपं निव्वळ पाण्यासाठी लातूर सोडतं, हे आमच्या नात्यागोत्यात कुणाला पटेना. ते जोडपं म्हणजे माझे चुलतभाऊ आणि भाभी.

२०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं, शहराचे नळ बंद. पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये टाक्यांजवळ १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. गाडीला हार घातले गेले, फोटो निघाले. चार लाखांच्या आसपास वस्तीचं शहर. म्हणजे एका खेपेत माणशी सहा लिटर.

आम्ही कवी मंडळी पाण्यावर फार लिहितो. पाणी भरतं मात्र दुसरंच कुणीतरी. टँकर रात्री दोनला येई तेव्हा भाईजान झोपलेले असत आणि भाभी रांगेत. गुडघे आधीच गेलेले. शरीयतमध्ये पाणी नसेल तर वजूऐवजी तयम्मुम चालतं, शुद्ध मातीवर हात टेकवायचे आणि चेहऱ्यावरून, हातांवरून फिरवायचे. भाईजानांनी एकदा या सवलतीचं कौतुक केलं. भाभी म्हणाल्या, "नमाजला सवलत आहे. डाळीला नाही."

गाव सोडायचा विषय त्यांनीच काढला. जिथून गाडी येते तिथंच जाऊ, म्हणाल्या. मिरजेला त्यांचं माहेरचं कुणी होतं. भाईजानांचं म्हणणं वेगळं. अब्बा-अम्मीच्या कबरी इथं, गंजगोलाईतले चाळीस वर्षांचे दोस्त इथं, उर्दू-मराठी मुशायरे इथं. किल्लारीच्या भूकंपानंतरही आपण हललो नाही, आता तहानेपायी हलायचं? त्यावर भाभी आमच्या दखनीत एकच वाक्य बोलल्या, "पानी मैं भरतूँ, गाँव तुमकू प्यारा लगता." मला वाटतं, निर्णय त्याच दिवशी झाला. बाकीचे महिने भाईजानांना तो पचवायला लागले.

त्यात पावसानं गंमत केली. २०१६ च्या परतीच्या पावसात मांजरा भरलं. लोक धरण बघायला सहकुटुंब निघाले. आता कशाला जाता, असं ज्यानं त्यानं विचारलं, मीही विचारलं. भाभींनी घरातले हंडे, कळशा, पिंपं मोजून दाखवली. एकोणीस. "एवढ्यासाठी पुढचा दुष्काळ इथं काढू?" डिसेंबरात टेम्पो भरला.

मिरजेत भाईजानांना सतार बनवणाऱ्यांची गल्ली भेटली, संध्याकाळ दर्ग्यात जाऊ लागली. घर बघताना कृष्णाघाटाकडची एक तळमजल्याची जागा त्यांना आवडली होती. नदी जवळ, भाडं कमी. घरमालकानं २००५ च्या पुराची भिंतीवरची रेघ दाखवली. भाभींनी शहरातला दुसरा मजला घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तिथली धोक्याची पातळी आहे ४५. ती रेघ पाण्याखाली गेली. भाभींच्या घरात पाणी आलं नाही, पण नळ बंद पडले, कारण पंप बुडाले होते. चौफेर कृष्णा आणि प्यायला टँकर! लातूरच्या सुनेला रांगेत कसं उभं राहायचं हे कुणी शिकवावं लागलं नाही. गल्लीतल्या बायकांना त्यांनीच नंबर लावून दिले.

तेव्हा मी फोन केला. म्हटलं, "भाभी, परत येता का?" त्या म्हणाल्या, "हे आठ दिवसांत ओसरेल. तुमच्या मांजरात आज किती आहे ते सांगा." मी खिडकीतून आभाळाकडे बघितलं. त्या ऑगस्टमध्ये लातूरला पाऊस नव्हता.