एकशे तीस वर्षांनी येणारे उत्तर

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेच्या पारितोषिक वितरण समारंभात एका परीक्षकांनी केलेले भाषण)



स्पर्धेचा निकाल आपण आताच ऐकला. तो माझ्या हातून चुकता चुकता कसा राहिला, हे सांगणे परीक्षक ह्या नात्याने मी माझे कर्तव्य समजतो.

शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असल्यामुळे कथेसाठी विषय दिला होता, ‘साठ वर्षांनंतर’. कथांवर लेखकांची नावे नव्हती, केवळ क्रमांक होते. ह्या पद्धतीचे महत्त्व सांगणारे एक थोर उदाहरण मराठीतच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक होते कुणी नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपल्या कीर्तीचे वजन पारड्यात पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटून हे नाव घेतले होते. कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर काशीत, हिंदी भाषेच्या परिसरात वाढले होते, हेही आपण इंदूरकरांनी ध्यानात ठेवावे.

आता कसोटीविषयी. विज्ञानकथेतील प्रत्येक गोष्ट आज शक्य असलीच पाहिजे, असे नाही. ज्यूल व्हर्नने १८६५ च्या कादंबरीत माणसे तोफेतून चंद्राकडे धाडली. एच. जी. वेल्सने १९०१ च्या कादंबरीत गुरुत्वाकर्षण अडवणारा एक काल्पनिक पदार्थच निर्माण केला. दोन्ही मार्ग व्यवहारात निरुपयोगी. परंतु एकदा गृहीत धरलेल्या गोष्टीचे परिणाम दोघांनीही निष्ठेने पाळले. म्हणून मी प्रत्येक कथेला एकच प्रश्न विचारतो : ह्यातील विज्ञान काढून घेतले, तर कथा उरते का? उरत असेल, तर ती चांगली कथा असेल, पण विज्ञानकथा नव्हे.

एका कथेची भाषा इतकी प्रासादिक होती, की मी तिला मनोमन पहिला क्रमांक देऊन टाकला होता. साठ वर्षांनी नातू आजोबांच्या शाळेत येतो, यंत्रमानव त्याला वर्गात नेतो. यंत्रमानवाच्या जागी शिपाईमामा ठेवले असते, तरी एक वाक्यही बदलावे लागले नसते. शिवाय तीत ‘शंभर प्रकाशवर्षांनंतर’ असा प्रयोग होता. प्रकाशवर्ष हे अंतराचे माप आहे, काळाचे नव्हे, हे त्या वाक्याच्या नादात माझ्याही ध्यानात आले नाही.

दुसरी कथा मी दोन पानांतच बाजूला ठेवली होती. तीत ‘आवाज आली’ होती आणि ‘किताब उघडली’ होती. मी लाल रेघा ओढत गेलो आणि भाषेचे गुण कापत गेलो. माझे सहपरीक्षक पदार्थविज्ञानाचे अध्यापक आहेत. ते शांतपणे म्हणाले, “रेघा पुरे झाल्या. आता कथा वाचा.”

मी वाचली. एका शाळेच्या गच्चीवरून विद्यार्थी रोहिणी ताऱ्याच्या दिशेने रेडिओसंदेश पाठवतात, मराठीतून. रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे. संदेश पोहोचायला ६५ वर्षे, उत्तर यायला आणखी ६५, एकूण १३०. म्हणून शाळेत एक नोंदवही ठेवली जाते. दरवर्षी एका विद्यार्थ्याने तीत सही करायची आणि उत्तर वाचता येण्याइतकी मराठी पुढच्याला शिकवायची. साठ वर्षे लोटतात. संदेश अजून वाटेतच आहे, पाच वर्षे उरली आहेत. आणि पटसंख्येअभावी शाळा बंद होण्याचा दिवस येतो. शेवटची विद्यार्थिनी वहीत सही करते, वही दप्तरात घालते आणि आपल्या धाकट्या भावाला ‘अ’ गिरवायला बसवते.

प्रकाशाचा वेग अमर्याद असता, तर ही कथा घडलीच नसती. माझी कसोटी ह्या कथेने पूर्ण केली होती; नापास झालो होतो तो मी.

क्रमांकाचे पाकीट उघडल्यावर कळले, की लेखिका नववीत आहे आणि तिच्या घरी माळवी बोलतात. मराठी तिला ह्या शाळेनेच दिली. त्या लाल रेघा जिच्या वहीवर ओढल्या, तीच मुलगी ‘हे उत्तर वाचणार कोण?’ असे आपल्याला विचारत होती.

ह्याचा अर्थ भाषा कशीही असावी, असा कृपया घेऊ नये. मराठीत ‘आवाज’ पुल्लिंगीच आहे. परंतु लिंगाची चूक शिक्षकांशेजारी बसून आठवड्यात सुधारते. अशी कल्पना कुणाला शिकवता येत नाही. महाराष्ट्राबाहेर मराठी टिकवायची, तर दारात येणाऱ्याची परीक्षा घेण्याआधी त्याला आत घ्यावे लागेल, हे मी ह्या स्पर्धेत शिकलो.

बाळ, तुझी कथा ह्या स्मरणिकेत छापली जात आहे. छापण्यापूर्वी तुझ्या बाईंबरोबर बसून तू स्वतः ती दुरुस्त केलीस, ह्याचा मला पारितोषिकाहून अधिक आनंद आहे. साठ वर्षांपूर्वी ही शाळा ज्यांनी उभारली, त्यांनीही एक संदेशच पाठवला होता. त्याचे उत्तर वाचण्यासाठी ही नोंदवही आता तुमच्या हाती आहे. सही अवश्य करा.