सापाचा रंग आणि माणसाची निवड



पावसाळ्यात जांबोटीहून चोर्ल्याकडे जाताना झुडपांवर मलबारी चापडा दिसतो. कोणी हिरवा, कोणी तपकिरी, कोणी पिवळसर. जात एकच, रंग अनेक. सापांत रंगाचा वारसा कसा चालतो, हे मात्र अधिक स्पष्टपणे उलगडले ते एका परदेशी सापामुळे.

पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांत एक लहान अजगर आढळतो. भय वाटताच तो अंगाचा चेंडू करून डोके आत लपवितो, म्हणून त्याला 'बॉल पायथन' म्हणतात. १९९२ साली अमेरिकेत त्याच्या वर्णहीन नमुन्याच्या वंशातून तशीच पिले मिळविण्यात यश आले. काळे रंगद्रव्य नसल्याने ती पांढरी व पिवळी दिसतात, डोळे तांबडे असतात.

हा गुण अप्रभावी आहे. नर व मादी दोघेही दिसायला साधे, परंतु दोघांतही तो दडलेला असेल, तर प्रत्येक पिलू वर्णहीन निघण्याची शक्यता चारांत एक. साध्या दिसणाऱ्या पिलांपैकी सरासरी तिघांत दोघे तो गुण पुढे नेतात. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यांविषयी जे प्रसिद्ध केले, तेच हे गणित. आपल्याकडे पांढरा नाग निघाला की दर्शनाला गर्दी लोटते; तेथेही चमत्कार नसतो, दडलेला वारसा उघड झालेला असतो.

ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी सर्पपालकांकडून टाकलेल्या काती मागविल्या आणि त्यांतून या वर्णहीनतेचे जनुक शोधले. सापाला दुखापत न करता झालेले हे काम २०२२ साली प्रसिद्ध झाले.

आता दुसरी बाजू. जाळीदार नक्षीचा 'स्पायडर' प्रकार सुंदर दिसतो, पण त्याचे डोके डुलते, मान उलटी वळते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. २०२२ मधीलच एका अभ्यासात अशा सापांच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे भाग विकृत आढळले. नक्षी आणि व्यंग एकाच वारशातून येतात. एक ठेवून दुसरे काढता येत नाही. तरीही मागणी होती, म्हणून पैदास होत राहिली.

एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, असा रंगीत साप घरी आणू का?" मी म्हणालो, "कायद्याची नोंदणी तर लागेलच. पण आधी विचार, हा रंग सापाला किती महाग पडला?"

रानात निवड निसर्ग करतो. तेथे वर्णहीन पिलू शत्रूच्या नजरेत चटकन भरते. पिंजऱ्यात निवड आपण करतो, म्हणून तिचा जाबही आपल्यालाच द्यावा लागतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांनी वर्गात फळ्यावर वाटाण्याचा तक्ता काढून दिला होता. त्या तक्त्यातील प्रत्येक चौकोनात एक जिवंत प्राणी असतो, एवढेच आज मला त्यात जोडावयाचे आहे.