भ्रमणध्वनि आणि शेतमालाचा भाव

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत, घाटाखालच्या मुलुखांत, धामणगांव बढे या नांवाचें एक मोठें खेडें आहे. कापूस आणि सोयाबीन हीं त्या बाजूचीं नगदी पिकें. आणि मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर ही त्या मुलुखांतील मोठी बाजारपेठ. तीस वर्षांपूर्वीं अशा खेड्यांतील शेतकऱ्यास पेठेंतील त्या दिवसाचा भाव जाणावयाचा असल्यास, बाजाराहून परतणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागे. आज तो शेताच्या बांधावर उभा राहून, खिशांतील यंत्र कानाशीं लावून, थेट अडत्यासच भाव विचारतो. हा पालट लहान नव्हे. परंतु भाव विचारतां येणें आणि भाव पदरांत पडणें या दोन गोष्टी एकच आहेत काय? आजच्या भाषणांत या एका प्रश्नाचा विचार करावा असें मीं योजिलें आहे.

हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यास नवा नाहीं. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोहोंचला. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंतचा फांटा सुरू झाला व त्याच्या उद्घाटनास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. कारण खामगांव ही वऱ्हाडांतील कापसाची मोठी पेठ होती. त्याच वर्षीं सुवेझ, एडन आणि मुंबई यांस जोडणारी समुद्रांतील तार पुरी झाली. लिव्हरपूलच्या बाजारांत कापूस चढला कीं उतरला, ही वार्ता आणावयास आगबोटीस आठवडे लागत. ती आतां तारेनें फार लवकर येऊं लागली. पण ती तार पडे कोणाच्या हातीं? पेठेंतील व्यापाऱ्याच्या. गाडी भरून आलेल्या कुणब्यास तिचा पत्ताही नसे. सौद्यास बसलेल्या दोघांपैकीं एकास भाव ठाऊक आणि दुसऱ्यास नाहीं, अशा वेळीं सरशी कोणाची होणार हें सांगावयास अर्थशास्त्र नको.

तारेचा स्वभावच असा कीं ती जेथें पैसा असेल तेथें आधीं जाते. मुंबईस १८८२ सालीं दूरध्वनीचें केंद्र उघडलें. खेड्यांस मात्र शंभर वर्षें वाट पाहावी लागली. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनें वातानुकूलनाशिवाय चालणारीं लहान केंद्रें तयार केलीं, रस्तोरस्तीं पिवळ्या पाट्यांचीं सार्वजनिक दूरध्वनिगृहें झालीं, तेव्हां कोठें खेड्याचा आवाज शहरांत पोहोंचूं लागला. तरीही शेताच्या बांधापर्यंत तार ओढणें कोणासच परवडणारें नव्हतें.

ही अडचण दूर केली ती एका साध्या युक्तीनें. बिनतारी संभाषणास लागणाऱ्या लहरींची संख्या मर्यादित असते. एकाच गल्लींत दोघांनीं एकदम हाळी घातली तर गोंधळ होतो. परंतु दूरदूरच्या दोन वस्त्यांत एकाच वेळीं हाळ्या घातल्या तर त्या एकमेकींस बाधत नाहींत. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९४७ सालीं हीच कल्पना पुढें आली. सर्व प्रदेश मधाच्या पोळ्यासारख्या लहान लहान घरांत विभागावा, प्रत्येक घरास कमी शक्तीचा एक मनोरा द्यावा, आणि त्याच त्या लहरी दूरच्या घरांत पुन्हां वापराव्या. बोलणारा एका घरांतून दुसऱ्यांत गेला, तर जसे भोई चालतां चालतां पालखीचा खांदा बदलतात, तसा एक मनोरा त्याचें बोलणें दुसऱ्याच्या हवालीं करतो. कल्पना सोपी, पण हा खांदेपालट क्षणांत करावयास लागणारीं सूक्ष्म विद्युद्यंत्रें निघेपर्यंत पाव शतक लोटलें. ३ एप्रिल १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मार्टिन कूपर यांनीं हातांत मावणाऱ्या यंत्रावरून पहिलें संभाषण केलें. १९७९ सालीं तोकियो येथें अशी सार्वजनिक व्यवस्था सुरू झाली. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजीं ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशीं भाषण करून तिचा मुहूर्त केला.

त्या वेळीं एका मिनिटास १६ रुपयांपर्यंत आकार पडे, आणि आलेल्या फोनाचेही पैसे द्यावे लागत. साहजिकच हें यंत्र श्रीमंतांचें भूषण होऊन बसलें. १९९९ च्या धोरणानें कंपन्यांवरील ठराविक परवानाशुल्काचें ओझें जाऊन उत्पन्नांतील वाटा घेण्याची रीत आली. पुढें चढाओढ वाढली, आणि २००३ सालीं येणारा फोन निःशुल्क झाला. गरिबानें तर त्यांतूनही एक वाट काढली. घंटा वाजवावयाची, पण समोरच्यानें फोन उचलावयाचा नाहीं. म्हणजे निरोप पोहोंचला आणि पैसाही गेला नाहीं. 'मिस्ड कॉल' नांवाची ही सांकेतिक भाषा आपल्या देशांत घरोघरीं कळूं लागली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. भाव कळल्यानें भाव मिळतो, याचा एक उत्तम पुरावा केरळांतून आला. १९९७ ते २००१ या काळांत तेथील किनाऱ्यावर भ्रमणध्वनि आला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानें तारली माशांच्या बाजाराचा अभ्यास करून २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वीं एका बंदरांत गिऱ्हाईक नाहीं म्हणून मासळी फेंकून द्यावी लागे, तर थोड्या कोसांवर दुसऱ्या बंदरांत लोक मासळीवांचून परत जात. होडींतूनच चौकशी करतां येऊं लागल्यावर ही नासाडी जवळजवळ थांबली. कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनीं वाढला आणि गिऱ्हाइकास मासळी ४ टक्क्यांनीं स्वस्त मिळाली. दोघांचेंही कल्याण झालें.

हें वाचून कोणासही वाटेल कीं शेतकऱ्याचेंही असेंच होईल. तो प्रयोग महाराष्ट्रांतच झाला. २००७ सालीं रॉयटर्स या वृत्तसंस्थेनें शेतकऱ्यांस बाजारभाव आणि हवामान यांचे लघुसंदेश धाडण्याची सशुल्क सेवा येथें सुरू केली. मार्सेल फाफचाम्प्स आणि बार्ट मिंटेन या संशोधकांनीं महाराष्ट्रांतील १०० गांवांत तिची कसून परीक्षा केली व २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो असा कीं, हे संदेश मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरीनें अधिक भाव मिळाला असें दाखवितां येत नाहीं.

एकाच यंत्रानें कोळ्यास तारलें, मग कुणब्यास कां नाहीं? माझ्या मतें उत्तर यंत्रांत नसून माणसाच्या परिस्थितींत आहे. कोळ्याची होडी त्याच्या हातांत असते. सुकाणूं वळविलें कीं बंदर बदलतें. शेतकऱ्याचा माल थोडका, गाडीभाडें महाग. दुसऱ्या पेठेंत भाव चढा आहे हें कळलें, तरी वाढीव भाव भाड्यांतच खर्ची पडतो. शिवाय ज्या अडत्याकडून पेरणीस उचल घेतली, त्याच्याच दुकानीं माल घालणें भाग पडतें. मालांत ओलावा किती, प्रत कोणती, हें ठरविणाराही बहुधा घेणाराच. ज्ञान मिळालें, पण त्या ज्ञानाप्रमाणें वागण्याची मोकळीक मिळाली नाहीं. १८७० सालीं वार्ता नव्हती म्हणून तो हरला. आज वार्ता आहे, पण थांबण्याची ऐपत नाहीं म्हणून तो हरतो.

आणखी एक अडचण भाषेची आहे. लघुसंदेशाच्या एका पाकिटांत १४० अक्षरकण मावतात. रोमन लिपींतील अक्षरें आटोपशीर संकेतांनीं भरतां येत असल्यामुळें तीं १६० बसतात. देवनागरीस प्रत्येक चिन्हामागें दोन कण लागत असल्यामुळें तींच चिन्हें ७० बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हींही स्वतंत्र मोजलीं जातात. म्हणजे मराठी शेतकऱ्यास मराठींत सांगावयाचें, तर एका संदेशाऐवजीं दोन-तीन धाडावे लागतात. यंत्र परक्या लिपीच्या मापानें बेतलें गेलें कीं त्याचा भुर्दंड असा अनेक वर्षें पडत राहतो.

आतां तर भ्रमणध्वनीकडे याहून मोठें काम आलें आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. पूर्वीं सातबाऱ्यावर पिकाची नोंद तलाठी करी. आतां शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र घेऊन, यंत्रावरून ती नोंद करावयाची. चावडीवर बसून केलेल्या नोंदीपेक्षां ही अधिक खरी, यांत शंका नाहीं. पण पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई यांचा आधार ही नोंद. ज्या वृद्ध विधवेपाशीं असें यंत्र नाहीं, किंवा जिचें शेत डोंगराच्या आडोशास असल्यामुळें लहरी पोहोंचत नाहींत, तिच्या शेतांत पीक उभें असूनही कागदावर तें नसावें, हा कसला न्याय? म्हणून यंत्राच्या जोडीस माणसाची वाट सदैव खुली राहिली पाहिजे. सोयीचें साधन हक्काची अट होतां कामा नये.

मग करावें काय? वार्तेस धीराची जोड द्यावी. राज्याच्या कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. गोदामांत सोयाबीन ठेवून त्यावर कर्ज काढतां येतें, व भाव चढेपर्यंत थांबतां येतें. दहा-वीस शेतकऱ्यांनीं मिळून एक वाहन केलें तर दूरची पेठही जवळ येते. गोदामाची पावती खिशांत असणाऱ्यानें विचारलेला भाव आणि रिकाम्या हातानें विचारलेला भाव यांत मोठें अंतर आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांचें मूळ घर, एखादा चुलतभाऊ, थोडीशी जमीन अशाच कोणत्या तरी खेड्यांत असेल. पुढील खेपेस त्यांचा फोन आला, तर क्षेमकुशल विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारा: पिकाची नोंद झाली काय, आणि तारणाचें गोदाम गांवापासून किती दूर आहे? नोंद राहिली असेल, तर घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलास सुटींत एक दिवस गांवीं धाडा. त्याच्या हातांतील यंत्राचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाहीं.