ऑपरेशन नाही, म्हणजे उपाय नाही असे नव्हे

(पालक-मेळाव्यात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. तरीही आज एका आजाराविषयी बोलणार आहे, कारण त्या प्रसंगी माझे शिक्षण माझ्याच घरी उपयोगी पडले नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या मामूंच्या यकृतात अडीच सेंटिमीटरची कर्करोगाची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "यांचे ऑपरेशन करता येणार नाही." आम्ही मुकाट्याने उठलो आणि मामूंना घरी आणले. चार महिने झाडपाला चालला. पोटात पाणी झाले तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे धावलो. जुने कागद पाहून ते म्हणाले, "तेव्हाच का आला नाहीत? ही गाठ सुईने जाळून पाहता आली असती." मामू गेले. त्यांच्या पदवीधर भाच्याने पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारायला हवा होता : "ऑपरेशन नाही, तर मग दुसरे काय?"

ऑपरेशन का होत नाही, हे प्रथम समजून घेऊ. यकृताचा कर्करोग बहुधा आधीच आजारी असलेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस 'बी' व 'सी', दारू, यकृतात साठणारी चरबी यांमुळे यकृत वर्षानुवर्षे कडक होत जाते. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. अशा यकृताचा तुकडा कापला, तर उरलेल्या भागाला शरीराचा भार पेलवत नाही. कधी गाठ अडचणीच्या जागी असते. म्हणजे नकार कापण्याला असतो, उपचाराला नव्हे.

मग मार्ग कोणते? पहिला, जाळण्याचा. सोनोग्राफीत पाहत त्वचेतून सुई गाठीत घालतात आणि रेडिओलहरींच्या किंवा मायक्रोवेव्हच्या उष्णतेने गाठ मारतात. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीस हा उपाय उत्तम लागू पडतो. मात्र गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून असेल, तर वाहते रक्त उष्णता ओढून नेते आणि गाठीची कड जिवंत राहू शकते.

दुसरा, गाठीची रसद तोडण्याचा. यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते. गाठ मात्र मुख्यतः धमनीवर जगते. म्हणून जांघेतील धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीत औषध सोडतात व तिची धमनी बंद करतात. यास 'टेस' म्हणतात. योग्य रुग्णांचे आयुष्य त्याने वाढते, हे २००२ साली बार्सिलोना व हाँगकाँग येथील अभ्यासांनी दाखविले. गाठी अनेक असतील किंवा सुई पोहोचत नसेल, तेथे हा मार्ग येतो.

तिसरा, नेमक्या किरणांचा. थोड्याच बैठकांत गाठीवर बाहेरून जोरदार किरण देतात. रक्तवाहिनीजवळच्या गाठीलाही ते चालतात.

यांतला चांगला कोणता, असा सरसकट प्रश्न चुकीचा आहे. गाठ केवढी, किती, कोठे आणि उरलेले यकृत किती सशक्त, या चार गोष्टींवर निवड ठरते. कावीळ वाढली असेल, पोटात पाणी असेल, तर हेच उपचार अपायही करतील. तेव्हा यकृतबदलाचा विचार होऊ शकतो काय, हे विचारावे. तेही शक्य नसेल, तर रुग्णाचा त्रास कमी करणे हाच खरा उपचार होय.

म्हणून कागदावर प्रश्न लिहून न्या. ऑपरेशन कोणत्या कारणाने नाही? सुई, नळी, किरण यांपैकी काय शक्य आहे? सर्व शाखांच्या डॉक्टरांनी मिळून कागद पाहिले काय? मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत असे एकत्र बसून ठरविले जाते. सरकारी योजनेत खर्च बसतो काय, तेही विचारा. उपचारानंतरची तपासणी चुकवू नका. त्याच यकृतात नवी गाठ येऊ शकते.

ज्यांना सिऱ्होसिस आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. घरात मूल जन्मले की चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस 'बी'ची लस द्यावी.

आपण मुलांना वर्गात प्रश्न विचारायला शिकवितो. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपणही ते विसरू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.