सिंदखेडचा वाडा आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न



बीबीच्या मंडळींना सिंदखेडराजाची माहिती सांगायला उभे राहणे म्हणजे मामालाच आजोळच्या गोष्टी ऐकवण्यासारखे आहे. दुसरबीड मागे पडले की सिंदखेड आलेच. हमरस्त्यावर लखुजीराव जाधवांच्या वाड्याचे महाद्वार आहे, आणि १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म तेथे झाला, हे इथली पोरेटोरेही सांगतील. म्हणून तो भाग सोडून आम्ही एका अडचणीच्या प्रश्नाकडे वळतो. या वाड्याचा जीर्णोद्धार करायचा म्हणजे नेमके करायचे काय?

पुष्कळांचे म्हणणे असे की, वाडा पूर्वी होता तसा पुन्हा उभारावा. इच्छा चांगली आहे. पण पूर्वी म्हणजे केव्हा? २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीवर निजामशाही दरबारात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व रघोजी आणि नातू यशवंतराव यांची दगा देऊन हत्या झाली. पुढे १७५७ साली याच सिंदखेडात रामचंद्र जाधवांना मराठी फौजांनी कोंडले, निजामअली त्यांना सोडवायला आला आणि येथे लढाई जुंपली. यांतल्या कोणत्या सालचा वाडा आपल्याला हवा आहे? शिवाय, पडलेल्या भागाचा नकाशा हाती नसेल तर कारागीर तरी काय करील? आपल्या मनातला वाडा बांधील.

हे नुसते भय नव्हे. स्पेनच्या उत्तरेस बास्क लोकांचा मुलूख आहे. तेथे बुत्रोन नावाची मध्ययुगीन गढी होती. ओन्यास आणि गांबोआ या दोन तटांच्या वैराच्या काळातली. १८७८ साली फ्रान्सिस्को दे कुबास या वास्तुकाराने तिचे काम हाती घेतले आणि बव्हेरियातील किल्ल्यांच्या धर्तीवर तिच्यावर उंच बुरूज चढवले. आज ती परीकथेतल्या चित्रासारखी दिसते. लोक खूष होतात. पण मूळची गढी कोठे संपली आणि कुबाससाहेब कोठे सुरू झाले, हे पाहणाऱ्याला उमगत नाही.

आता आपल्याकडचे उदाहरण पाहा. २०२४ साली पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाने लखुजीरावांच्या समाधीच्या छत्रीचे जतनाचे काम चालवले होते. काम करताना एका ओळीतले काही दगड दिसले. ते उपटून न टाकता सावकाश खणत गेले, तो शिवमंदिराचा पाया लागला. आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर, शेषशायी विष्णूचे शिल्प निघाले. लांबी १.७० मीटर, उंची १ मीटर. लक्ष्मी पाय चेपते आहे, समुद्रमंथन आहे, अश्व आणि ऐरावतही आहेत. दगड आपल्या काळ्या पाषाणातला नव्हे, क्लोराइट शिस्ट नावाचा मऊ जातीचा. छत्रीभोवती कोणी उत्साहाने काँक्रीट ओतून फरशी घातली असती, तर हे शिल्प त्या फरशीखालीच राहिले असते!

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की जे उभे आहे ते पडू देऊ नये आणि जे पडले आहे त्याची कल्पना करून भर घालू नये. त्यातही सिमेंटापासून वाड्याला जपावे. जुन्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर निघते. वर सिमेंटाचा थर दिला की ती आत कोंडते आणि जुनी वीट भुगा होऊन गळू लागते. सांध्यातला पिंपळ वरून छाटूनही भागत नाही. त्याचे मूळ आतच वाढत राहते. चुना भिजवायचा, वाळू आणि विटांचा चुरा घालून घाणीत मळायचा, त्यात गुळाचे नि बेलफळाचे पाणी द्यायचे; हे काम वेळखाऊ खरे, आणि ते जाणणारे हात थोडे. बीबीत किंवा आसपासच्या गावांत असे कोणी वयोवृद्ध गवंडी असतील, तर त्यांना एकदा त्या महाद्वारापाशी घेऊन जा आणि भिंतीवर हात फिरवून ते काय सांगतात ते लिहून घ्या.