फाट्यावरचा प्रकाश

तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजातून निघालेला काचतंतू ग्रामपंचायतींकडे जाताना वाटेत एक चिमुकली डबी लागते. तिला स्प्लिटर म्हणतात. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या भारतनेट योजनेच्या पहिल्या टप्प्यात जीपॉन नावाची पद्धत वापरली, तिचा सगळा जीव या डबीत. वीज गेली तरी डबीचं काही अडत नाही, कारण तिला वीज लागतच नाही. आत काचेच्या पट्टीवर केसाहून बारीक वाट कोरलेली असते. ती दुभंगते, प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगतो आणि पाच टप्प्यांत एकाच्या ३२ वाटा होतात.

मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं, पाणी भाताच्या बांध्यांना वाटलं की प्रत्येकीच्या वाट्याला कमी येतं. इथे प्रकाशाचा जोर तसाच वाटला जातो, पण निरोप मात्र प्रत्येक वाटेवर अख्खा पोचतो. पंचायतीतलं यंत्र त्यातला आपला तेवढा उचलतं. १४९० नॅनोमीटरचा प्रकाश गावाकडे येतो, १३१० चा परत जातो. तंतू एकच, तरी दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. मला हे विलक्षण सुंदर वाटतं.

अशा वस्तूवर कोणा एका देशाचा शिक्का मारता येत नाही. एका तंतूतून जाणारे अनेक रंग वेगळे करणारी, तशीच वाटा कोरलेली चिप घ्या. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला मेंट स्मिट यांनी १९८८ मध्ये कल्पना मांडली. जपानच्या एनटीटीतल्या ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ती दूरसंचाराला लागणाऱ्या प्रकाशावर चालवून दाखवली. अमेरिकेत बेल लॅब्जच्या कोराडो ड्रागोन यांनी १९९१ मध्ये तिला अनेक वाटांनी आत, अनेक वाटांनी बाहेर असं रूप दिलं. प्रत्येकानं आपलं काम छापून जगापुढे ठेवलं, म्हणून पुढच्याला तिथून सुरुवात करता आली.

आपण कुठे आहोत? तंतूच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला त्याची काच घडते, वाळूजला तंतू ओढला जातो. तंतूच्या टोकांना लागणाऱ्या यंत्रांतल्या चिपा मात्र बहुतेक बाहेरून येतात. हे बदलायला हवं, आणि एकट्यानं सगळं उभारायचा हट्ट धरून ते बदलणार नाही.

युरोपनं २००६ मध्ये ईपिक्सफॅब सुरू केलं. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर अनेक विद्यापीठांची रेखाटनं शेजारी शेजारी छापायची आणि खर्च वाटून घ्यायचा, अशी ती सोय. एकट्या प्रयोगशाळेला न झेपणारी चकती त्यामुळे विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली. मद्रास आयआयटीचं अशा चिपांवर काम करणारं केंद्रही मलेशियातल्या सिल्टेरा या चिप-कारखान्याबरोबर काम करतं. रेखाटन इथे, छपाई तिथे. यात कमीपणा काहीच नाही. शिकायचं असेल तर प्रा. शेवगावकरांनी मुंबई आयआयटीत दिलेली प्रकाशीय संदेशवहनावरची व्याख्यानं एनपीटेलच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी ती ऐकावीतच.

खरी अडचण चिप छापून आल्यावर सुरू होते. तंतूचा गाभा सुमारे नऊ मायक्रॉनचा, सिलिकॉनमधली वाट अर्ध्या मायक्रॉनची. दोन्ही समोरासमोर धरायचे, प्रकाश जास्तीत जास्त कुठे शिरतो ते मापकावर बघत राहायचं आणि नेमक्या त्या जागी डिंक पक्का करायचा. केसभरही सरकून चालत नाही, कारण केस यापुढे फार जाडा. मालाच्या किमतीचा मोठा हिस्सा या जोडणीत जातो. सूक्ष्मदर्शकावर स्थिर हातानं, चिकाटीनं करायचं हे काम आहे. त्यासाठी डॉक्टरेट लागत नाही. साकोलीसारख्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये ते शिकवता येईल, आणि ती मागणी आपणच लावून धरली पाहिजे.